गोरी खोडून सावळी

परत आलेलं पुस्तक आधी पुठ्ठ्याला धरून उलटं करायचं आणि हलकेच झटकायचं. सिडकोतल्या आमच्या वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी बसून मी एकतीस वर्षं हेच केलं. देवघेव म्हणजे पुस्तक देणं आणि परत घेणं. काम एवढंच, पण झटकल्यावर जे खाली पडतं त्यात माणसांची घरं दिसतात. एसटीची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, मेथीची वाळलेली काडी, एकदा तर उडदाच्या पापडाचा तुकडा पडला. टिकल्या मात्र पडत नाहीत, त्या पानाला चिकटवलेल्या असतात. बाई वाचता वाचता उठली की कपाळावरची टिकली काढून ओळीशेजारी लावते, म्हणजे खूण राहते. एका जाडजूड कादंबरीत मला सतरा टिकल्या सापडल्या होत्या आणि सगळ्या वेगवेगळ्या मापांच्या होत्या.

संपादकांनी नोकरीविषयी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, नेमणूक, बढती, निरोपसमारंभ असलं काही सांगत बसणार नाही. मला एकच प्रकरण सांगायचंय. ते सांगायला मी बारा वर्षं थांबले, कारण आधी ते एका मुलीपासून लपवायचं होतं आणि पुढं तिच्याच सांगण्यावरून. आता त्या मुलीनंच परवानगी दिलीय, त्यामुळं मला कधी एकदा लिहीन असं झालंय.

आधी आमचे वाचक सांगते. रत्नाकर वाघमारे सर, गणिताचे निवृत्त मास्तर, कानावर कायम पेन्सिल. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायचे आणि उत्तर पटलं तरच पुस्तक घरी न्यायचे. कुलकर्णी काकू खिडकीशी येऊन आधी विचारायच्या, "ह्यात कोणी मरत नाही ना?" मी 'नाही' म्हणून दिलेल्या एका पुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर नायकाची आजी गेली, तर काकूंनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. आणि शोभा. मूळची देवगाव रंगारीची, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कामाला. शुक्रवारी कंपनीची बस चौकात सोडायची, तिथून तडक वाचनालयात. शोभा रंगानं सावळी असली तरी नाकीडोळी नीटस, बोलायला मोकळी. सोबत नऊ वर्षांची मुलगी तनू. मायलेकी मिळून चार पुस्तकं न्यायच्या आणि पुढच्या शुक्रवारी चारही वाचून आणायच्या. असे वाचक मिळायला ग्रंथपालाचं नशीब लागतं.

तर एका सोमवारी कुलकर्णी काकू एक कादंबरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हिच्यातली नायिका काळी झालीय."

मी पान उघडलं. छापलं होतं, 'तिचा गोरापान चेहरा लाजेनं आरक्त झाला.' त्यातला 'गोरापान' पेन्सिलीनं खोडून वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'सावळा'. एवढ्यावर भागलं नव्हतं. सावळा चेहरा लाल कसा दिसणार, म्हणून 'आरक्त' खोडून लिहिलं होतं, 'गरम'. शेजारी समासात एक छोटं वर्तुळ आणि त्यात दोन इंग्रजी अक्षरं होती, आर आणि डब्ल्यू.

खरं तर मला संताप यायला हवा होता. पुस्तकात रेघ मारणाऱ्याला मी भर वाचनालयात झाडायचे. पण माझ्या अंगात वारंच शिरलं! मी ती कादंबरी पहिल्या पानापासून तपासली, मग तिच्या शेजारची, मग अख्खा कप्पा. रफिकभाई, आमचे बाइंडर कम शिपाई, शिडीवर चढून पुस्तकं खाली देत होते आणि मी पानं उलटत होते. आठवडाभरात अकरा पुस्तकं सापडली. सात कादंबऱ्या, मुलांच्या गोष्टींची चार पुस्तकं. 'नाजूक हातांनी तिनं खिडकी ढकलली', इथं नाजूकचे दणकट झाले होते. 'ती फुलासारखी कोमेजली', समासात वर्तुळ, वर लिहिलेलं, 'ती चिडली'. एका तीनशे पानी कादंबरीत मात्र एकाच ओळीला काही न बदलता बरोबरची खूण होती, बाजूला 'ओके'. ओळ होती, 'त्या दिवशी ती पोटभर जेवली.'

मी खुर्चीत बसून हसले आणि मग हसू थांबलं. हजारो पुस्तकं माझ्या हातांखालून गेली होती. पुस्तक न वाचता मी सांगू शकायचे की नायिका कुठं भेटते, कारण ते पान सगळ्यांत मळकट असतं आणि पुस्तक ठेवलं की आपोआप तिथंच उघडतं. त्या पानावर तिचा रंग आलाच, तिची कंबर आलीच. पण ती बाई जेवते की नाही, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आता चोर पकडायचा. आर डब्ल्यू! मी सभासदांची नोंदवही काढली आणि दहा मिनिटांत बोट थांबलं. रत्नाकर वाघमारे. र आणि वा. शिवाय कानावर पेन्सिल! मला वाटलं, काय डोकं आहे आपलं. दुसऱ्या दिवशी सर आले तर मी चारचौघांत विचारलं, "सर, तुमच्यासारख्यांनी पुस्तकं खराब करावीत का?"

सरांनी चष्मा काढला, पान पाहिलं आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. "काय वो बाई, चाळीस वर्षं मी चुकलेल्या उत्तरांवर फुल्या मारल्या. फुलीखाली माझं नाव कधी लिहिलं नाय," म्हणाले. पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली आणि गेले. महिनाभर फिरकले नाहीत. शेवटी मी त्यांच्या घरी गेले, पुस्तक नेलं, हात जोडले. त्यांनी चहा पाजला, पण पेन्सिल पुन्हा कानावर चढली नाही. ती रुखरुख मला आजही आहे.

तोवर गोष्ट कार्यकारिणीपर्यंत गेली. आमचे कार्यवाह भास्करराव शिस्तीचे. त्यांनी हुकूम काढला: सगळं खोडून पुस्तकं पूर्ववत करा, आणि माणूस सापडला की त्याचं सभासदत्व कायमचं रद्द. मी खोडरबर घेऊन बसले. एकेक 'सावळी' पुसत गेले आणि खालून छापील 'गोरी' पुन्हा वर यायला लागली. मी स्वतः काळी आहे. आमच्याकडं काळीला सावळी म्हणतात ती सभ्यता. माझं लग्न ठरलं तेव्हा आत्या घरोघर सांगत होती, "पोरगी काळी हाय, पण नोकरीला हाय." त्या 'पण'चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आणि तरी मी अकराच्या अकरा पुस्तकं स्वच्छ पुसली, कारण वरिष्ठांचा हुकूम होता आणि मला हुकूम पाळायची सवय होती.

शेवटचं पुस्तक रफिकभाईंच्या हाती दिलं तेव्हा त्यांनी एक वर्तुळ राहून गेलेलं दाखवलं. मी म्हटलं, "नाव लिहायची काय हौस बघा!"

"नाम नहीं है ये, बाई," रफिकभाई म्हणाले. "मेरा भतीजा कंपनी में है ना, वो बोलता. माल में खोट निकली तो आर डब्ल्यू मारते. रिवर्क. फेंकने का नक्को, सुधार के लेने का."

माझ्या हातातला खोडरबर तसाच राहिला. म्हणजे लिहिणारा रागावलेला नव्हता. त्यानं पुस्तक फाडलं नाही, नापास केलं नाही. सुधारून घ्या, एवढंच म्हणत होता. पण आमचे निम्मे सभासद चिकलठाण्याला नाहीतर वाळूजला कामाला. त्यातला माल तपासणारा कोण?

उत्तर शुक्रवारी स्वतःच्या पायांनी आलं. शोभा पुस्तकं परत करत होती. तनूनं खिडकीवर हनुवटी टेकवली आणि विचारलं, "बाई, पुस्तकं तुम्हीच तपासता ना?"

"हो, मीच."

"मंग आमच्या शाळेतली पण तपासा ना! तिथं चूक सुटलीय. सात भावांच्या गोष्टीत राजकन्या गोरीपान छापलीय. इथल्या पुस्तकात तुम्ही सावळी करून ठेवलीय, बरोबरवाली."

मी शोभाकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात खिडकीखाली जोडले.

तनू सुसाट सुटली होती. "श्रेया म्हणती, राजकन्या गोरीच असती अन् तुझी आई खोटं बोलती. आमची पैज लागलीय! उद्या मी इथलं पुस्तक वर्गात नेऊन दाखवणार हाय. थांबा, मीच काढते, मला कप्पा माहितीय."

आणि ती पळाली. सात भावांची गोष्ट! ते पुस्तक मी मंगळवारीच पुसलं होतं. आता ती पान उघडणार, तिथं गोरी निघणार, आणि उद्या भर वर्गात तिची आई खोटारडी ठरणार. इतक्या वर्षांत मी वाचनालयात कधी पळाले नव्हते. त्या दिवशी पळाले. तिचा हात कप्प्यापर्यंत पोचला होता तेवढ्यात मी पुस्तक ओढून काढलं आणि पोटाशी धरलं.

"हे बाइंडिंगला जायचंय," मी धापा टाकत म्हटलं. "उद्या सकाळी ये. उद्या नक्की देते."

"उद्या शाळा बाराला भरती."

"दहाला ये."

रफिकभाईंनी प्रसंग ओळखला आणि पुठ्ठे कसे कापतात ते दाखवायला तिला आत नेलं. शोभा माझ्यासमोरच्या बाकावर बसली.

"लई वाईट केलं का वो बाई मी?" ती म्हणाली. "तनूला वाचता येत नव्हतं तवर बरं होतं. मी वाचून दाखवायचे अन् तोंडानंच सावळी म्हणायचे. दुसरीत गेली अन् ओळीवर बोट ठिवायला लागली. 'आई, इथं तर गोरी लिवलंय, तू सावळी का म्हणती?' मंग काय सांगू? म्हणलं, छापणाऱ्याची चूक. वाचनालयातल्या बाई तपासून दुरुस्त करतात. तुमचं नाव घेतलं अन् दुसऱ्या दिवशी पेन्सिल घिऊन बसले."

"अगं, पण कशासाठी एवढं?"

"तिनं एकदा घरातल्या सगळ्यांचं चित्र काढलं. बापाला रंग दिला, शेळीला दिला, माझ्या तोंडाला दिलाच नाय. म्हणलं, का गं? तर म्हणती, गोष्टीतल्या आईचा रंग असा नसतो, मंग तू बिनरंगाची राहू दे." शोभानं पदरानं नाक पुसलं. "कंपनीत दिवसाला शेकड्यानं पार्ट बघते मी. खोट दिसली की हात आपोआप जातो. मोठ्या कादंबऱ्यांत लिवायची गरज नव्हती, ती चूक माझी. सवयच लागली. मला काढून टाका, चालंल. पण तिला कळू देऊ नका."

मी तिला घरी पाठवलं. वाचनालय बंद व्हायला तासभर होता. पुस्तक उघडलं. पुसलेल्या जागी कागद जरा खरखरीत झाला होता. ड्रॉवरमधली पेन्सिल काढली, टोक केलं, आणि ज्या हातानं शेकडो लोकांना 'पुस्तकावर लिहू नये' अशी पाटी दाखवली होती, त्या हातानं 'गोरीपान' खोडून लिहिलं, 'सावळी'. काय सांगू, आनंद इतका झाला होता की मी गुणगुणत होते! शोभासारखं अक्षर काढायचा प्रयत्न केला, वर्तुळही काढलं. मग वाटलं, एकाच पुस्तकावर अन्याय कशाला. उरलेली दहाही ओढली. आठवेल तसं सगळं परत लिहिलं. 'गरम' लिहिलं, 'दणकट' लिहिलं. 'पोटभर जेवली'पाशी ओके दिला.

"बाई, ये क्या कररे?" रफिकभाई दारात उभे.

"बाइंडिंग," मी म्हटलं.

ते जवळ आले, पान पाहिलं, थोडा वेळ दाढी खाजवली. मग कपाटातून वाचनालयाचा गोल शिक्का आणला, पॅडवर दाबला आणि त्या 'सावळी'च्या शेजारी ठप्पकन मारला. म्हणाले, "सही बात है तो सिक्का होना ना."

तनू पैज जिंकली. शिक्क्यापुढं श्रेयाचं काही चाललं नाही. पण दुपारी वर्गशिक्षिकेचा फोन आला. "बाई, तुमच्या पुस्तकात रंग बदललाय आणि वर शिक्का? हे काय आहे?"

"दुरुस्ती आहे."

"कोणी केली?"

"आमच्या तपासणी विभागानं," मी म्हणाले आणि फोन ठेवल्यावर टेबलावर डोकं टेकून हसले. तपासणी विभागात त्या वेळी मी आणि रफिकभाई दोघंच होतो आणि एकजण चहा आणायला गेला होता.

भास्कररावांना कळायला आठ दिवस लागले. त्यांनी अकरा पुस्तकं टेबलावर मांडली आणि विचारलं, कोण? मी म्हटलं, "अक्षर माझं आहे." ते खोटं नव्हतं. माझ्या सेवापुस्तकात शेरा आला, 'ग्रंथांची नासाडी केली.' सगळ्या नोकरीत माझ्याविरुद्ध तेवढाच एक शेरा आहे. निवृत्तीनंतर सेवापुस्तक हातात मिळालं तेव्हा सगळ्यांत आधी मी तेच पान काढलं. बढतीच्या पानांपेक्षा मला ते जास्त आवडतं. शोभाचं सभासदत्व कायम राहिलं. तिनं पुढं पुस्तकांत लिहिलं नाही. सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून पानांत ठेवायची, मी झटकलं की त्या पडायच्या, आणि मी त्या जपून ठेवल्या आहेत.

एक मात्र सांगते. मी एका लहान मुलीला छापील मजकुराबद्दल खोटी साक्ष दिली. ग्रंथपालानं हे करू नये. सातवीत असताना तनू एकदा एकटीच आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, तपासणी विभाग असा काय नसतोच ना?" मी म्हटलं, नसतो. ती म्हणाली, "म्हणजे पैज मी हरले होते." आणि दारापर्यंत जाऊन परत आली. "श्रेयाला सांगू नका."

मी निवृत्त झाले तेव्हा वाचनालयानं चौकात माझा फ्लेक्स लावला. फ्लेक्सवाल्यानं आपल्या बुद्धीनं मला गोरं केलं, सुरकुत्या काढल्या, वर ओठांना गुलाबी रंग दिला. वाघमारे सर फ्लेक्सखाली उभे राहून मलाच विचारत होते, "ह्या नवीन बाई कोण वो?" दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर फ्लेक्सच्या कोपऱ्यात, माझ्या गुलाबी गालाशेजारी, जाड मार्करनं वर्तुळ आणि आत दोन अक्षरं. तनू तेव्हा अकरावीत होती. मी रस्त्यात उभी राहून टाळ्या वाजवल्या.

आता ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा लेख मी हातानं लिहिला आणि टाइप करायला तिलाच दिला, कारण परवानगी तिची आणि संगणकही तिचाच. परवा ती कागद घेऊन आली. सोबत शोभाही होती, कंपनीतून सुटून तशीच आलेली. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "कसं झालंय?"

तनूनं पहिलं पान माझ्यासमोर ठेवलं. तिच्या आईची ओळख करून देणारं वाक्य. त्यातल्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि शेजारी आर डब्ल्यू.

"बाई," ती म्हणाली, "नाक नीटस आहे, डोळे नीटस आहेत, सगळं मान्य. पण 'असली तरी' कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला माझी आत्या ऐकू आली. शोभा माझा हात धरून म्हणत होती, "जाऊ द्या वो बाई, मला तर वाचताना काय खटकलं बी नाय." त्यानं मला जास्तच लाज वाटली.

तनू म्हणाली, ते दोन शब्द काढून टाकते. मी नको म्हटलं. संपादकांनाही कळवलंय की ते वाक्य आहे तसंच छापा. तुम्हीही ते वाचलंत आणि सरळ पुढं आलात ना? आता पेन्सिल घ्या आणि मागं जा.